फरीदून उस्तादाचा सत्कार

फरीदून उस्तादाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो पडत होता.

घसरून किंवा ठेच लागून नव्हे. पडणं हा त्याचा धंदाच आहे. वाखनिंगनला आमच्या वस्तीत एक समाजमंदिर आहे, देव नसलेलं. इथं डचमध्ये त्याला बुर्टहाउस म्हणतात. आपल्या गावच्या समाजमंदिरात आणि यात फरक एवढाच, की इथलं कुलूप वेळेवर उघडतं आणि त्याहून वेळेवर लागतं. तिथं मी नातीला आणायला एका बुधवारी जरा लवकर पोचलो. हॉलमध्ये दहा-बारा पोरं भिंतीला टेकून बसलेली आणि मधोमध चाळिशी ओलांडलेला, भरघोस मिशांचा एक माणूस स्टुलावर उभा. त्यानं छताकडं बघून एक लांबलचक जांभई दिली आणि मागच्या मागं कोसळला. मी धावलो. माझे गुडघे बघता धावलो हा शब्द जरा मोठा आहे, पण निघालो. त्याच्यापाशी पोचलो तर तो आडव्या आडव्याच हिंदीत म्हणाला, "बाबाजी, जूते."

मी बुटासकट त्याच्या गादीवर चढलो होतो. पोरं हसली. माझी नात स्वानंदी सगळ्यात जोरात हसली, आणि मग मला ओळख दाखवायची की नाही याचा विचार करू लागली.

मी या देशात कसा, ते सांगायला हवं. माझी लेक चैत्राली इथल्या शेतकी विद्यापीठात बटाट्याचे रोग बरे करते. आमच्या तासगावच्या रानात आजवर कुणी बटाटा लावला नाही, द्राक्षाशिवाय आम्हाला काही दिसत नाही, आणि पोरगी बटाट्याची डॉक्टर झाली. जावई अंबरीशराव आर्नहेमला विजेच्या कंपनीत आहेत आणि शनिवार-रविवार इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत. दोन्हीपैकी जास्त ताण कशाचा, हे मला अजून कळलेलं नाही. बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. का, ते मी चौघांना विचारलं, चौघांनी चार कारणं सांगितली. तर बुधवारची दुपार माझ्या वाट्याला आली, आणि दुपारबरोबर उस्ताद आला.

उस्ताद काबूलचा. तिथं तो आणि त्याची धाकटी बहीण शकीबा मिळून पोरांची सर्कस आणि नाटकं चालवत. त्यानं दोरी, चेंडू, मनोरे बघायचे, तिनं नाटक. मग राज्य बदललं, नव्या राज्याला पोरींनी उड्या मारलेल्या चालेनात, आणि हे दोघं विमानात बसून इकडं आले. पहिले काही महिने त्यांना लष्कराच्या तंबूत ठेवलं होतं. "बाबाजी," तो मला म्हणाला, "सर्कसवाल्याला दुसऱ्या देशात आणून पुन्हा तंबूत ठेवलं. मला वाटलं यांना आमची कदर आहे."

त्याचं लहानपण पेशावरला निर्वासितांच्या छावणीत गेलं. तिथं अख्ख्या गल्लीत एकच टीव्ही आणि त्यावर आपले सिनेमे. त्यामुळं तो हिंदी बोलतो ती जुन्या सिनेमातल्या वकिलासारखी. साधं पाणी मागायचं तरी "आपकी इजाज़त हो तो" असं सुरू करतो. माझी हिंदी तासगावच्या बाजारातली. आमचं बोलणं ऐकणाऱ्याला खटला चालू आहे असंच वाटायचं, पण आमचं जमलं. आमच्या भागात सर्कशीचं वेड जुनं आहे. मी शाळेत असताना गावात सर्कस आली की हजेरीपटावर फक्त मास्तरांचंच नाव उरायचं, आणि एकदा तेही नव्हतं.

बुधवार सोडून उस्ताद अळिंबीच्या शेडमध्ये काम करतो. अंधारात, एकावर एक रचलेल्या मांडण्यांवर आडवं होऊन अळिंब्या खुडायच्या. कामधंद्याच्या ऑफिसात त्याला एका साहेबानं विचारलं होतं, तुझ्याकडं कौशल्य काय आहे? हा म्हणाला, सहा चेंडू हवेत ठेवू शकतो, आणि डोक्यावर एक मूल. साहेबानं नोंद केली: हातकाम जमतं, ओझं उचलू शकतो. आता तोच साहेब त्याच्या मागं लागला होता, की फोर्कलिफ्टचं, म्हणजे माल उचलायच्या गाडीचं, शिक्षण घे. ते शिक्षण बुधवारी दुपारी असतं. उस्ताद त्याला दर वेळी सांगायचा, बुधवारी मला काम आहे. ते एवढंच काम होतं, ज्यात लोक त्याला उस्ताद म्हणायचे.

त्याची शिकवणी अशी, की पहिला महिनाभर फक्त पडायचं. उभ्यानं पडायचं, बसून पडायचं, बोलता बोलता पडायचं. चेंडूला हात लावू द्यायचा नाही. शकीबा दुसऱ्या कोपऱ्यात नाटक घ्यायची. हातात कप नसताना चहा प्यायचा, आणि बघणाऱ्याला तो गरम आहे की गार ते कळलं पाहिजे. आपली मराठी मंडळी पोरांना सोडायला येत तेव्हा जरा बावरायची. एका आईनं विचारलं, "याला लेव्हल्स असतात का? सर्टिफिकेट कोण देतं?" आमचे अंबरीशराव एकदा माझ्याबरोबर आले तेव्हा त्यांनीही विचारलं.

"बाबा, याचा आउटकम काय पण?"

मी ते उस्तादाला हिंदीत विचारलं. तो विचार करून म्हणाला, "मूल पडलं की आधी आईकडं बघतं. माझ्याकडं शिकलं की आधी हसतं."

"म्हणजे कॉन्फिडन्स बिल्डिंग," असं म्हणून अंबरीशरावांनी पोरीचं नाव पुढंही चालू ठेवलं.

बुर्टहाउसची व्यवस्था बघते ती आन्नेकेबाई. फार चांगली बाई. इतकी चांगली, की तिच्याशी बोलून आलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. तिनं उस्तादाला हॉल दिला होता आणि बदल्यात तिला फक्त त्याचं दुःख हवं होतं.

"मुलांबरोबर तुझ्या प्रवासाचं नाटक कर ना," ती म्हणायची. "समुद्र, होडी, काळोख."

"मी विमानानं आलो," उस्ताद म्हणायचा. शकीबा त्याचं डचमध्ये आणि तिचं आमच्यासाठी हिंदीत करून सांगायची.

"हो, पण मनातली होडी."

"विमानात जेवण पण दिलं होतं."

आन्नेकेबाई डोळे मिटून मान हलवायची. तिला वाटायचं, बिचारा अजून बोलू शकत नाही.

दिवाळीच्या आधी ती जरा अवघडून आली. वाउटर म्हणून एक उंच, शांत माणूस आहे. तो शनिवारी चार वाजता याच हॉलमध्ये भारतीय पद्धतीनं श्वास घ्यायला शिकवतो. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा हात जोडून म्हणाला, आपण भारतातून आलात, आपला श्वास कसा चालू आहे? मी म्हटलं, अजून चालू आहे. त्याला ते फार खोल वाटलं. तर या वाउटरला नव्या वर्षापासून बुधवारची दुपारही हवी होती. त्याच्या वर्गाला सगळी वस्तीतली माणसं. उस्तादाच्या पोरांत आमची मराठी, दोन सिरियाची, एक पोलंडचं. बरीचशी लांबून बसनं येणारी.

"हॉल शेवटी वस्तीचा आहे," आन्नेकेबाई म्हणाली. "तुम्ही एखाद्या शनिवारी खेळ करा. मी येईन. दोनच गोष्टी बघेन. मुलं सुरक्षित आहेत का, आणि वस्तीतले लोक बघायला येतात का. मग ठरवू."

उस्तादानं मान डोलावली. ती गेल्यावर त्यानं मला फोर्कलिफ्टचं चित्र दाखवलं. "याला जांभई देता येत नाही, बाबाजी."

मग तो आणि शकीबा दारोदार फिरले. मीही गेलो, कारण मला दारं बघायला आवडतात. पण इथं माणसाला बोलवायचं म्हणजे त्याच्या डायरीला बोलवायचं. पलीकडच्या गल्लीत एक कोर्नेलिया आजी आहे, कुंपण कात्रीनं कापत असते. तिनं आत जाऊन डायरी आणली, चष्मा लावला, पानं उलटली.

"शनिवारी दुपारी? छे, चारला माझा श्वास आहे."

"खेळ त्याच्या आधी आहे. त्याच हॉलमध्ये," शकीबा म्हणाली.

"मग दोनदा यावं लागेल," आजी म्हणाली, आणि खरोखर वाईट वाटून तिनं आम्हाला एकेक बिस्कीट दिलं. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी नवरा-बायको दोघांचा श्वास होता. परत येताना शकीबा भावाला म्हणाली, "लाला," थोरल्या भावाला त्यांच्यात लाला म्हणतात, "यांना मरायचं झालं तरी आधी पान बघतील."

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये, पुढच्या शनिवारी, दोन ते चार ठरला होता. आइंडहोवनपासून माणसं येणार. वस्तीतली नसली तरी माणसं तर खरी. रिकाम्या खुर्च्यांपेक्षा बरं. मी जेवताना विषय काढला.

"चालेल बाबा," अंबरीशराव म्हणाले. "वीस मिनिटं देऊ. फक्त मुलांचं शेवटी ठेवायचं."

"शेवटी का? आधीच घ्या की."

"आधी घेतलं तर पालक आपापल्या पोराचं बघून निघून जातात. मग भाषणाला कोण बसणार?"

मंडळाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. लोकांना हवं ते शेवटी, म्हणजे नको ते मधे ऐकवता येतं.

शनिवारी हॉल भरला. पैठण्या, कुर्ते आणि त्यावर थंडीचे जाडजूड कोट. आन्नेकेबाई मागच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन. उस्ताद, शकीबा आणि पोरं भिंतीकडं सतरंजीवर. उस्तादानं मिशांना तेल लावलं होतं. त्याच्या गाद्या मात्र खुर्च्यांच्या मागच्या खोलीत अडकल्या, आणि त्या खोलीच्या दाराशी फराळाचं टेबल लागलं.

सुरुवात दीपप्रज्वलनानं. बुर्टहाउसमध्ये ज्योत लावायला बंदी, म्हणून पितळी समईत बॅटरीचे दिवे बसवले होते. प्रमुख पाहुणे शिरीष साहेब, आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. जगातली सगळ्यात बारीक रेघ ओढणारं यंत्र ते चालवतात म्हणे. त्यांना समईचं बटण सापडेना. त्यांनी समई उलटी केली, सुलटी केली, बॅटरी काढून पुन्हा घातली. शेवटी एका वहिनींनी येऊन वातीला चिमटा काढला आणि दिवा लागला. टाळ्या झाल्या. अर्धा तास गेला होता.

मग प्रास्ताविक. मग अध्यक्षांचं मनोगत. मग पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनीच लिहून आणला होता. मग पाहुण्यांचं भाषण, पडद्यावर चित्रांसकट. विषय 'आपली भाषा', बोलले इंग्रजीत.

आमच्या शाळेत एकदा मल्लखांबाचं प्रात्यक्षिक होतं. रणजित म्हणून एक पोरगा खांबावर उलटा लटकला आणि नेमकी तेव्हाच सभापतींची जीप आली. हेडमास्तरांनी स्वागताचं भाषण सुरू केलं. भाषण चालू असताना हलणं म्हणजे बेशिस्त, त्यामुळं रणजितला कुणी उतर म्हणेना आणि तो उतरेना. सभापती खूश. म्हणाले, या गावात शिस्त आहे. भाषण संपलं तेव्हा रणजितचं तोंड बिटासारखं झालं होतं. आता तो सोसायटीचा चेअरमन आहे आणि स्वतः तासतासभर बोलतो. मला वाटतं अजून वसूल करतोय.

ही गोष्ट मी शकीबाला हळूच सांगितली. ती म्हणाली, "काका, तुमच्याकडं लग्नातही एवढं बोलतात?"

"लग्नात जेवण असतं, म्हणून सोसतात."

उस्ताद मात्र मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. एक अक्षर कळत नव्हतं. पण त्यांच्याकडं मोठा माणूस बोलत असताना उठायची रीत नाही. पोरांची चुळबुळ चालली होती. आन्नेकेबाईनं घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना तिनं पर्सचा बंद लावला.

मी काय करणार होतो? जावयाच्या हातातला माइक सासऱ्यानं कसा काढून घ्यावा? आमच्याकडं जावयाच्या पानावरची वाटीसुद्धा विचारून उचलतात. मी चैत्रालीला खूण केली. तिनं नवऱ्याला खूण केली, हात हवेत फिरवून, म्हणजे आवर. अंबरीशरावांना वाटलं, छान चाललंय. त्यांनी मागच्या वर्षीच्या कार्यकारिणीचे आभार मानायला घेतले.

दार उघडलं आणि गार वारा आत आला. वाउटर होता. त्याच्या मागं, काखेत गुंडाळलेल्या चटया धरून, त्याचा अख्खा वर्ग. कोर्नेलिया आजी, ते नवरा-बायको, आम्ही ज्यांची ज्यांची बिस्किटं खाल्ली होती ते सगळे. चार वाजत आले होते, त्यांचा श्वास सुरू व्हायचा होता. वाउटरनं दारातूनच हात जोडले. मनगटावरचं घड्याळ आम्हाला दिसेल असे जोडले.

अंबरीशरावांनीही ते बघितलं. माइकमध्ये घसा खाकरला. "तर मंडळी, वेळेअभावी मुलांचा कार्यक्रम आपण पुढच्या वेळी बघूया. पण आपले सर्कसगुरू फरीदूनजी आलेलेच आहेत, तर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू आणि थांबू."

मी हे उस्तादाला हिंदीत सांगितलं. दुसरं कोण सांगणार?

"खेल नहीं होगा?" त्यानं विचारलं.

"नहीं. सत्कार होगा."

"सत्कार में क्या होता है?"

"तुम खडे रहो. वो तुमको सामान देते."

त्यानं एकदा पोरांकडं बघितलं. मग उठला, सदऱ्याची सुरकुती सरळ केली आणि स्टेजकडं गेला. मला ती पिवळी फोर्कलिफ्ट डोळ्यांसमोर दिसायला लागली.

शिरीष साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ. मग पवनचक्कीचं स्मृतिचिन्ह आलं, ते ठेवायला हात नव्हता, म्हणून ते काखेत. फोटोवाला म्हणाला, "सर, इकडे बघा." शाल खांद्यावरून निसटली. उस्तादानं ती कोपरात पकडली, तर काखेतली पवनचक्की घसरली. ती त्यानं गुडघ्यानं अडवली, तर नारळ सुटला. तो जमिनीला टेकायच्या आत पायाच्या चवड्यावर घेतला. सगळे "अरे अरे" करायला लागले. शिरीष साहेब मदतीला वाकले, त्यांच्या हातात गुच्छ आला आणि डोक्यावर शाल. उस्तादानं घाबऱ्या घाबऱ्या त्यांची माफी मागितली, वाकून नमस्कार केला, आणि वाकल्यावर नारळ पुन्हा गेला. पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, कुणीतरी घ्या त्यांच्याकडून, बिचारे पहिल्यांदाच सत्कार घेतायत."

तेवढ्यात उस्तादानं छताकडं बघितलं आणि एक लांबलचक जांभई दिली.

"आजोबा," स्वानंदी माझ्या कानात म्हणाली, "इट्स स्टार्टिंग." आणि पोरं उठली.

उस्ताद मागच्या मागं आडवा झाला, नारळ पोटावर. अंबरीशरावांच्या हातात माइक होता, आणि माइक हातात असला की त्यांना थांबता येत नाही. ते गोंधळून म्हणाले, "तर... धन्यवाद." पहिलं पोर पडलं. "नाही नाही, धन्यवाद, पण..." दुसरं पडलं. त्यांनी वळून बघितलं. "हे काय? स्वानंदी? धन्यवाद म्हणतोय ना मी." तिसरं, चौथं. हॉल हसायला लागला. अंबरीशराव मनानं वाईट नाहीत. त्यांना कळलं तसे ते हळूच, चोरून, पोलंडच्या त्या पोराकडं बघत म्हणाले, "धन्यवाद." ते पोर इतकं सुंदर पडलं, की स्वतः अध्यक्षांनी टाळी वाजवली. एवढं थोडक्यात आभारप्रदर्शन मंडळाच्या इतिहासात झालेलं नाही.

पण मनोऱ्याला गाद्या हव्यात, आणि गाद्या चकल्यांच्या पलीकडं. शकीबा दाराकडं वळली आणि डचमध्ये ओरडली, "चटया, इकडे, पटकन." आता या देशात कुणी काय करायचं ते स्पष्ट सांगितलं की माणसं फार आनंदानं करतात. कोर्नेलिया आजी सगळ्यात पुढं. एकावर एक चटया पसरल्या गेल्या, आणि श्वासाचा अख्खा वर्ग कोट न काढताच भोवती उभा राहिला. उस्तादाच्या खांद्यावर दोन पोरं, त्यांच्यावर एक, आणि सगळ्यात वर आमची स्वानंदी, डोक्यावर मंडळाचा नारळ.

आणि ती पडली.

हे ठरलेलं नव्हतं. नारळ कलला, ती त्याच्याबरोबर कलली आणि वरून सुटली. उस्तादाचा चेहरा मी बघितला, त्यावर विदूषक नव्हता. आन्नेकेबाई उभी राहिली. अंबरीशराव "स्वानू" म्हणत पोरीला झेलायला झेपावले, त्यांचा पाय शालीत अडकला. पोरगी आपल्या खांद्यावर पडली, गोल झाली, चटईवरून कोलांटली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. हसत. आईकडं बघितलंच नाही. अध्यक्ष मात्र ओंडक्यासारखे पालथे पडले, मनगटावर.

आन्नेकेबाई चालत पुढं आली आणि वाकून स्वानंदीला काहीतरी विचारलं. पोरगी डचमध्ये म्हणाली, आणि ते एवढं मलाही कळलं, "मला नाही लागलं. पप्पाला लागलं. पप्पा क्लासला येत नाही ना."

वस्तीतले लोक एवढे हसले, की वाउटरला भिंत धरावी लागली. आन्नेकेबाईनं त्यांच्याकडं वळून बघितलं. तिच्या लक्षात तेव्हा आलं, की चटयांभोवती तिची सगळी वस्ती उभी आहे.

"तुम्ही आलात?" तिनं कोर्नेलिया आजीला विचारलं.

"आमची चारची वेळ होती," आजी म्हणाली. "पण हा खेळ दर बुधवारी होत असेल तर मला पान बघावं लागेल."

वाउटर डोळे पुसत आला. तो प्रामाणिक माणूस निघाला. म्हणाला, "दोन वर्षं मी यांना सांगतोय, पोटातून श्वास सोडा. आज पहिल्यांदा सोडला." बुधवारसाठी तो सकाळची वेळ बघेल, असं तोच आन्नेकेबाईला म्हणाला. तिनं पर्स उघडली, डायरी काढली आणि बुधवारच्या दुपारी उस्तादाचं नाव लिहिलं, नव्या वर्षापासून पुढं. मग उस्तादाचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे भरले होते.

"मला समजलं," ती म्हणाली. "ते ओझं. एकावर एक, खाली ठेवता न येणारं. आणि ती शाल, मायभूमीची. तू शेवटी बोललास."

शकीबानं ते भाषांतर करून सांगितलं. उस्तादानं छातीवर हात ठेवून अदबीनं मान झुकवली. ती गेल्यावर मला हळूच विचारलं, "बाबाजी, ती शाल तुमच्या मंडळाची होती ना?"

"सोलापूरची आहे."

"परत द्यायची असते का?"

"नाही. तीच रीत आहे. नारळही तुझाच."

सोमवारी अंबरीशराव मनगट घेऊन डॉक्टरकडं गेले. इथला डॉक्टर कशालाही पॅरासिटामॉल देतो आणि वाट बघायला सांगतो. त्यांनी वाट बघितली. उस्तादानं कामधंद्याच्या साहेबाला कळवलं, की बुधवारी मला काम आहे, आता लेखी आहे. साहेबानं फोर्कलिफ्ट गुरुवारी सरकवली. म्हणजे ती त्याला शिकावी लागणारच, पण तो म्हणतो गुरुवारचं गुरुवारी बघू.

नव्या वर्षातला पहिला बुधवार. खिडकीच्या कट्ट्यावर नारळ ठेवलेला, त्यावर कुणीतरी खडूनं मिशा काढलेल्या. कोर्नेलिया आजी खुर्ची घेऊन बसलेली, कारण तिच्या डायरीत तसं होतं. आणि अध्यक्ष पायमोज्यांवर, बँडेज सुटलेलं मनगट चोळत, स्टुलावर उभे. खाली शिकवायला उस्ताद नव्हताच, तो शकीबाबरोबर कोपऱ्यात कप नसलेला चहा पीत होता. खाली कमरेवर हात ठेवून आमची स्वानंदी.

"पडू?" अंबरीशरावांनी विचारलं. "म्हणजे, यामागं टेक्निक काय आहे ते आधी दोन शब्दांत..."

"नो, पप्पा," ती म्हणाली. "आधी जांभई."